अडीच महिन्यांच्या लेकीचं नाक चोंदलंय, काय देऊ?

पत्र:

माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. आधी तिच्या साडेचार वर्षांच्या भावाला सर्दी झाली, मग तिला. आज तिसरा दिवस. ताप नाही. पण नाक इतकं चोंदलंय की दूध पिताना दोन घोट घेते, सोडते आणि रडते. रात्री झोपली की घुर्र घुर्र आवाज येतो, पाठीवर हात ठेवला तर तो हातालाही लागतो. मध्येच खोकल्याची उबळ येते आणि प्यायलेलं दूध बाहेर पडतं. काल डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासली, स्वच्छ आहे म्हणाले आणि फक्त मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून दिले. औषध काहीच नाही. सासूबाई म्हणतात मध चाटव, आई म्हणते वाफ दे, नवरा म्हणतो मोठ्याचं खोकल्याचं सिरप घरात आहे, त्यातलं थोडं दे. तीन रात्री मी झोपलेले नाही. मला एवढंच सांगा, तिला काय देऊ?
– एक आई

उत्तर:

तुमच्या पत्रातल्या ‘औषध काहीच नाही’ या तीन शब्दांपाशी मी थांबले. कितीतरी आया माझ्यासमोरून असाच चेहरा करून उठल्या आहेत. लेकरू रात्रभर तळमळतंय आणि डॉक्टरने हातावर मिठाचं पाणी ठेवलं, म्हणजे आपलं म्हणणं त्यांना कळलंच नाही, असं वाटतं. तुमची बाजूही मला ठाऊक आहे. माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना मीही अशाच रात्री त्याच्या छातीला कान लावून बसले होते, आणि तेव्हा मी मुलांची डॉक्टर होते.

तरी सांगते, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. एवढ्या लहान बाळाला सर्दी झाली की एकदा तपासून घ्यावं, ते तुम्ही घेतलंत. त्यांनी छाती ऐकली, ती स्वच्छ निघाली आणि जे उपयोगाचं आहे तेच लिहून दिलं. तिला बाटलीतून देण्यासारखं खरोखर काही नाही. पण तुम्ही हाताने करण्यासारखं बरंच आहे, आणि ते नीट केलं तर आज रात्रीच फरक दिसू शकतो.

एवढंसं बाळ जवळजवळ सगळा श्वास नाकाने घेतं. तोंडाने सहज श्वास घ्यायची सवय त्याला अजून लागलेली नसते. रडताना तोंड उघडतं तेवढंच. आणि ते नाक केवढं! आतली वाट काही मिलिमीटरची. त्यात अस्तर सुजलं आणि शेंबडाचा एक पातळ थर बसला की वाट निम्मी होते. अरुंद नळीचा एक नियम आहे: तिचा व्यास निम्मा झाला तर तेवढीच हवा ओढायला दुप्पट नाही, जवळजवळ सोळापट जोर लागतो. म्हणून आपल्याला जी सर्दी म्हणजे दोन रुमालांचं काम, ती बाळाचं पिणं आणि झोप दोन्ही मोडून टाकते. हाच नियम उलटही चालतो. थोडीशी घाण निघाली तरी वाट पुष्कळ मोकळी होते. मिठाच्या पाण्याचा सगळा उपयोग यातच आहे.

आता तो हाताला लागणारा आवाज. ‘छातीत कफ वाजतोय’ असं वाटतं, पण बऱ्याचदा तो नाकातून आणि घशाच्या मागच्या भागातून आलेला असतो. बाळाची छाती छोटी, भिंत पातळ. वर झालेली घरघर सगळीकडे घुमते. ताडून पाहायची सोपी युक्ती आहे. थेंब घालून नाक साफ करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाठीवर हात ठेवा. घरघर गेली किंवा निम्म्यावर आली, तर ती नाकातलीच होती.

थेंब घालताना घाई झाली की अर्धे गालावर जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करा, गार थेंबाने बाळ दचकतं. तिला दुपट्यात हात आत घेऊन सैलसर गुंडाळा आणि मांडीवर उताणी घ्या, खांदे किंचित उचललेले आणि डोकं जरासं मागे कललेलं. बाटलीचं टोक नाकाला न टेकवता प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडा. ती शिंकेल, ठसकेल, रडेल. रडू द्या, रडण्यानेही शेंबूड सुटतो. अर्धा ते एक मिनिट तशीच धरा, म्हणजे सुकलेलं मेकूड भिजतं, मग उभी धरा. पुष्कळदा एवढ्यावरच शेंबूड बाहेर येतो किंवा ती गिळते. गिळलेला शेंबूड पोटात जाऊन जिरतो, त्याने काही बिघडत नाही.

तेवढ्याने नाही भागलं तर नाक ओढायचा रबरी फुगा वापरा. फुगा बाहेरच दाबायचा, दाबलेला ठेवूनच टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं, आत खुपसायचं नाही, आणि मग हळूहळू सोडायचा. पुष्कळ जण नाकात टोक घालून मग दाबतात. त्याने हवा आणि शेंबूड आणखी आत ढकलला जातो. वापरून झाला की फुगा साबणाच्या कोमट पाण्याने आतून-बाहेरून धुऊन, पाणी झटकून सुकवा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका. सारखं ओढलं की आतलं अस्तर चिडून अधिक सुजतं आणि कधीकधी रक्ताची बारीक रेघ येते. नुसते थेंब मात्र त्याहून जास्त वेळा घातले तरी चालतात. कानात घालायच्या कापसाच्या काड्या नाकात नकोत, आणि कोणतंही तेल नको. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर तिथे सूज आणतं.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी आणि रात्री झोपवायच्या आधी. प्यायल्यावर थेंब घातले की प्यायलेलं सगळं बाहेर येतं आणि मग आपण म्हणतो थेंब सोसत नाहीत. बाटलीवर ती फोडल्याची तारीख लिहा. आणि तीच बाटली मोठ्याच्या नाकाला लावू नका, त्याला वेगळी घ्या.

मिठाचं पाणी घरी केलं तर चालेल का, हे पुष्कळ जणी विचारतात. या वयात मी नको म्हणते. तयार थेंबांत मीठ 0.9 टक्के असतं, म्हणजे एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम, आणि ते निर्जंतुक असतं. घरच्या चमच्याने ते प्रमाण नेमकं साधत नाही; जास्त झालं तर झोंबतं. एक खबरदारी मात्र घ्या. नाकाचे थेंब आणताना त्यात नुसतं सलाइनच आहे ना, हे वाचून घ्या. नाक मोकळं करणारी औषधं, म्हणजे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, अशाच छोट्या बाटल्यांत मिळतात. ती एवढ्याशा बाळाच्या नाकात गेली तर बाळ गुंगीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो. मोठ्यांच्या बाटलीशी अदलाबदल होऊ नये म्हणून ती बाटली वेगळ्या कपाटात ठेवा.

पिणं. दोन घोट घेऊन ती सोडते, कारण तोंडात स्तन असताना श्वास घ्यायला नाक हवं आणि नाक बंद आहे. तिला भूक आहे आणि दमही हवा, दोन्ही एकदम जमत नाही. नाक मोकळं करून पाजा, आणि थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. उबळीत दूध बाहेर पडतं तेही त्यामुळे कमी होईल, कारण पोट गच्च भरलेलं नसेल. नेहमीपेक्षा जरा उभी धरून पाजा, मध्ये थांबून ढेकर काढा. अंगावरचं पाजत असाल तर ते चालूच ठेवा, तुम्हाला सर्दी झाली तरी. तुमचं शरीर त्या विषाणूशी लढायला जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती दुधातून तिला मिळतात. वरचं दूध असेल तर नेहमीच्याच प्रमाणात करा, पातळ करू नका. पाणी नको. सहा महिन्यांच्या आत तिला लागणारं पाणी दुधातच असतं.

दूध पुरतंय की नाही याचा हिशोब लंगोटांवर ठेवा. एका कागदावर प्रत्येक ओल्या लंगोटाला एक रेघ. नेहमीच्या निम्म्याहून कमी झाले, किंवा आठ तासांत एकही ओला नाही, तर दवाखाना गाठायचा. तीन रात्री जागलेल्या आईच्या आठवणीवर सोडण्याची ही गोष्ट नाही, म्हणून कागद.

घरच्यांच्या तिन्ही सल्ल्यांमागे माया आहे आणि ते तिन्ही तुम्हाला नाकारावे लागणार आहेत. कारणं कळली तर सांगायला सोपं जाईल.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू लागतं: आधी शौचाला कडक होतं, मग ओढून पिणं कमी होतं, रडणं क्षीण होतं, मान टिकत नाही, पुढे श्वासही अडकू शकतो. हे क्वचितच होतं, पण झालं तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. मध उकळून ती बीजं मरत नाहीत, आणि बोटावरचं एक चाटणसुद्धा चाटणच. हा आजार 1976 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला आणि ही माहिती घरोघरी पोचायला पुढे कितीतरी वर्षं लागली. सासूबाईंना ती कोणी सांगितली नसेल तर त्यांचा काय दोष? आणि मधाबद्दल त्या चुकीचंही सांगत नाहीत. वर्षावरच्या मुलांचा रात्रीचा खोकला मधाने खरंच हलका होतो. तेव्हा त्यांना म्हणा, आई, मध मोठ्याला द्या, रात्री झोपताना अर्धा चमचा, मग दात घासून झोपू दे. धाकटीला पहिला वाढदिवस झाल्यावर.

वाफेबद्दल मी कडक बोलते. वाफेने बाळाची सर्दी लवकर बरी होते असं दिसलेलं नाही. भाजलेली मुलं मात्र मी पाहिली आहेत, आणि ती आठवण जात नाही. बाळ एक लाथ मारतं, हात फिरवतं, भांडं कलंडतं. उकळतं पाणी आणि बाळ एका खोलीत नको. खोलीतली हवा फार कोरडी असेल तर गार धुकं सोडणारं यंत्र चालतं, पण त्यातलं पाणी रोज बदलून आणि ते घासून ठेवणार असाल तरच. नाहीतर ते बुरशीच हवेत सोडतं. छातीला चोळायच्या बामात कापूर आणि मेंथॉल असतं. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि मेंथॉलच्या तीव्र वासाने एवढ्या बाळाचा श्वास अडू शकतो. दोन वर्षांच्या आत असा बाम छातीला नाही, पाठीला नाही, नाकाखाली तर मुळीच नाही.

आणि सिरप. तुमच्या यजमानांना हे मोठ्याने वाचून दाखवा. बाटलीत बहुधा दोन-तीन औषधं एकत्र असतात: एक गुंगी आणणारं, एक नाकाच्या रक्तवाहिन्या आवळणारं, एखादं खोकला दाबणारं. लहान मुलांत यांचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. तोटे मात्र स्पष्ट आहेत: छातीची धडधड, अस्वस्थपणा किंवा उलट इतकी गुंगी की बाळ प्यायलाच उठत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ही दुकानी औषधं देऊ नयेत. वर ‘त्यातलं थोडं’ म्हणजे किती? साडेचार वर्षांच्या मुलासाठी मोजलेल्या औषधातला अंदाजाने काढलेला भाग पाच-सहा किलोच्या बाळाला. 2022 मध्ये गांबियात दूषित सिरपांमुळे साठहून अधिक मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली आणि जागतिक आरोग्य संघटनेला जगभर इशारा द्यावा लागला. प्रत्येक सिरप विषारी असतं असं मी म्हणत नाही. पण ज्याचा उपयोगच नाही, त्यासाठी कणभरही धोका का पत्करायचा?

प्रतिजैविकांचंही तेच. सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचं काम नाही. उद्या-परवा शेंबूड घट्ट होईल, पिवळा-हिरवा दिसेल. तो रंग लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो, नुसत्या रंगावरून औषध सुरू करू नका.

खोकल्याकडे जरा प्रेमाने पाहा, असं मी आयांना सांगते. बाळाला नाक शिंकरता येत नाही, थुंकता येत नाही. आडवं झालं की शेंबूड मागून घशात उतरतो, आणि तो श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ते खोकतं. रात्री खोकला वाढतो तो यामुळे. नाक साफ झालं की तो आपोआप कमी होतो. उबळीनंतर एखादी उलटी, त्यात शेंबडाच्या तारा, हे या सर्दीत चालतं. सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत ओसरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तीन आठवड्यांपुढे गेला तर पुन्हा दाखवा.

उबळीवर उबळ येऊन बाळ लालनिळं पडतं, किंवा खोकता खोकता श्वासच थांबतो, असं झालं तर मात्र लगेच निघा. तो डांग्या खोकला असू शकतो. मोठ्या मुलांना त्यात श्वास ओढताना जोराचा हूप असा आवाज येतो, एवढ्याशा बाळाला तो बहुधा येत नाही. ज्यांच्या बाळाला सर्दी नाही पण प्रत्येक पाजण्याच्या वेळी ठसका लागतो, किंवा पिताना कपाळाला घाम येऊन बाळ थकून जातं, त्यांनीही तपासून घ्यावं. तिथे कारण सर्दीपलीकडचं असू शकतं.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसले, ते. तुम्ही तीन रात्री तिचा आवाज ऐकत जागलात. आवाज फसवतो. नाकाची घरघर खोलीभर ऐकू येते आणि बाळ ठीक असतं. छाती खरोखर आजारी असलेलं बाळ कधी कधी गप्प असतं, कारण त्याची सगळी शक्ती श्वास घेण्यात चाललेली असते. म्हणून छाती बघा.

ती शांत झोपली असेल तेव्हा दिवा लावा आणि झबलं गळ्यापर्यंत वर करा. पोट आणि छाती एकदा वर गेली की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. बाळं भरभर चार श्वास घेतात, मग क्षणभर थांबतात, आणि अर्धवट मोजणी खोटं सांगते. पाच-दहा सेकंदांचा असा थांबा, रंग न बदलता, या वयात दिसतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. दोन महिन्यांच्या आत 60. रडून झाल्यावर, पिऊन झाल्यावर, अंगात ताप असताना आकडा चढतो, म्हणून शांत झाल्यावर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही 50 किंवा वर आला तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असेल तर रात्रीच.

मोजताना बरगड्यांकडेही बघा. प्रत्येक श्वासाला छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का? बरगड्यांच्या मधे किंवा गळ्याखालच्या खळगीत खड्डा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? ओठ किंवा जीभ निळी-राखाडी दिसते का? श्वास दहा सेकंदांहून जास्त थांबला, बाळ मऊ पडलं, उठवूनही नीट जागं होत नाही, पिणं निम्म्यावर आलं? यातलं एकही दिसलं तर हे उत्तर बाजूला ठेवून निघायचं. ओठ निळे असतील किंवा श्वास थांबत असेल तर रुग्णवाहिका.

तापाचा नियम या वयात फार कडक असतो. तीन महिन्यांच्या आत शरीराचं आतलं तापमान 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर बाळ कितीही बरं दिसो, लगेच तपासणी. काखेत तापमान साधारण अर्धा अंश कमी दिसतं, म्हणून काखेत 37.5 आलं तरी डॉक्टरांना फोन करा. आणि तापाचं औषध घरी देऊन ताप झाकू नका. ते डॉक्टरच वजन बघून देतील. अंग गार पडणं, 36च्या खाली उतरणं, हेही तापाइतकंच गंभीर धरा.

तुम्ही तिसऱ्या दिवशी लिहिलंय, म्हणून आणखी एक. काही सर्द्या, विशेषतः आरएसव्ही या विषाणूची, नाकातून खाली उतरून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज आणते. त्याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात आणि तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो. म्हणजे काल स्वच्छ असलेली छाती उद्या तशीच असेल असं धरून चालू नका. पुढचे तीन दिवस सकाळी आणि रात्री श्वास मोजून त्याच लंगोटांच्या कागदावर आकडा आणि वेळ लिहा. शंका आली तर झबलं वर करून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोचल्यावर बाळ रडतं आणि मोजता काही येत नाही. तो शांत झोपेतला एक मिनिट आम्हाला फार सांगून जातो. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा काही त्रास असेल, तर मात्र थांबून मोजत बसू नका, लवकर दाखवा.

झोपवायचं पाठीवरच, सपाट, पक्क्या गादीवर. उशी नको, गादीखाली काही घालून डोक्याची बाजू उचलणंही नको. बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. पाठीवर झोपली तर शेंबूड घशात अडकून गुदमरेल ही भीती रास्त वाटते, पण शरीराची रचनाच तिला सांभाळते. उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे आलेलं पातळ अन्ननलिकेकडे जातं. जागी असेपर्यंत मात्र खांद्यावर उभी धरा, पाहिजे तितका वेळ. त्यात तिला खरंच बरं वाटतं. धूर घरात कशाचाच नको. बाहेर जाऊन ओढलेल्या सिगारेटचा अंशसुद्धा कपड्यांवर घरात येतो, तेव्हा ओढणाऱ्याने शर्ट बदलून, हात धुऊनच तिला घ्यावं.

भावाला बहिणीपासून तोडू नका. त्याला वीस सेकंद साबणाने हात धुवायला शिकवा, आणि सांगा की बाळाला सर्दी आहे तोवर पापा पायाचा घ्यायचा. तोंड आणि हात नको, कारण हात ती चोखते. आणि तिच्या लशीची तारीख याच दिवसांत येत असेल तर ताप नसलेल्या साध्या सर्दीसाठी ती पुढे ढकलू नका. डांग्या खोकल्याची लस त्यातच असते.

राहिल्या तुम्ही. आज रात्री एक पाळी तुमच्या यजमानांना द्या. थेंब घालणं आणि श्वास मोजणं त्यांनाही येतं. दिवसा एकदा तुमच्यासमोर करून घ्या. तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लोटून झोपा, पाजायला उठवतील. तीन रात्रींच्या जागरणानंतर तिला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकलात तर डोळा लागतोच, आणि झोपलेल्या माणसाच्या कुशीत, सोफ्याच्या फटीत बाळ गुदमरायला वेळ लागत नाही. म्हणून पेंग येतेय असं वाटलं की आधी तिला तिच्या जागी ठेवा, रडली तरी.